नंदाची शाळा आणि गजभियेबाई

गजभियेबाई लिपस्टिक लावायच्या. आज यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही. पण सत्तरच्या आगेमागे, नागपुरात जरीपटक्याच्या अलीकडच्या आमच्या वस्तीत, चाळिशीला आलेली, लग्न न केलेली, शाळेत शिकवणारी बाई रोज सकाळी ठसठशीत लाल ओठ करून घराबाहेर पडते, म्हणजे नळावरच्या बायकांना दिवसभराची सोय होती. वर त्यांच्या पिशवीत हातभर मोठा आरसाही असायचा. एकदा एकीनं त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, “निघाली रंगून मास्तरीण. शाळा आहे का नाटक कंपनी?” बाई पाच-सहा पावलं पुढे गेल्या होत्या, त्या परत आल्या. म्हणाल्या, “तुह्या तोंडाकडे पाहून कोणाले काही शिकाचं आहे का वं? माह्या तोंडाकडे पाहून वर्गभर पोरं शिकतात.” आणि निघून गेल्या.

त्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवत. मुलांना ओठ नीट दिसावेत म्हणून ती लिपस्टिक. मुलांना आपलं स्वतःचं तोंड दिसावं, जीभ कुठे लागते ते कळावं, म्हणून तो आरसा. हे नळावर कोणाला ठाऊक नव्हतं आणि बाईंनी कधी सांगायचे कष्ट घेतले नाहीत. मला ठाऊक झालं, कारण माझी मुलगी बहिरी आहे.

बाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. त्यांच्याबद्दल लिहावं असं फार मनात होतं. पण त्यांच्याबद्दल लिहायचं तर नंदाला त्यांच्या शाळेत जायला उशीर का झाला ते लिहावं लागतं, आणि ते मी इतकी वर्षं लोकांना खरं सांगितलेलं नाही. म्हणून हात चालत नव्हता.

त्यांनी नंदाला पहिल्यांदा बाजारात पाहिलं. माझी बायको सुशीला कापडाच्या दुकानासमोर उभी होती, नंदा तिचा पदर धरून. मागून सायकलवाला घंटी वाजवत आला, सगळे बाजूला झाले, नंदा हलली नाही. सुशीलानं तिला ओढून घेतलं. एवढंच झालं. बाई पलीकडे भाजी घेत होत्या. भाजी तशीच टाकून त्या या दोघींच्या मागे मागे आमच्या घरापर्यंत चालत आल्या.

मी नुकताच कचेरीतून येऊन पाय धुऊन बसलो होतो. दारात ती लाल ओठांची बाई, जिच्याशी मी कधी बोललो नव्हतो. “जयभीम,” म्हणाल्या, आणि मी उत्तर देतो न देतो तोच आत येऊन खिडकीजवळ उभ्या राहिल्या. पुढे लक्षात आलं की त्या कोणत्याही घरात शिरल्या की आधी उजेड शोधत, मग तोंडावर उजेड पडेल अशा उभ्या राहत, मगच बोलत.

“तुमची पोरगी बहिरी आहे नं भाऊ?”

आमच्या घरात तोवर हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. नंदा तीन वर्षांची असताना मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं तपासून सांगितलं होतं, पण घरी येईपर्यंत मी त्याचं “ऐकायला थोडं कमी येतं” करून टाकलं होतं. आणि पुढे “बोलेल उशिरा, आमच्याकडे उशिराच बोलतात.”

“ऐकायला थोडं कमी येतं,” मी म्हणालो.

“थोडं म्हणजे किती?” असं म्हणत त्यांनी पिशवीतून आरसा काढून सुशीलाच्या हातात दिला, हात मोकळे केले आणि नंदाच्या डोक्यामागे अशी जोरात टाळी वाजवली की शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं. नंदा समोर पाहत होती. सुशीलाच्या हातातला आरसा तिला फार आवडलेला दिसत होता.

“शाळेत जाते?”

“जाते तर. दुसरीत आहे,” मी म्हणालो. हे मात्र मी अभिमानानं म्हणालो. वस्तीजवळच्या साध्या शाळेत, सगळ्यांच्या मुलांत, माझी मुलगी बसत होती. नापास झाली नव्हती. तिचं अक्षर वर्गात सगळ्यांत चांगलं होतं. मास्तर मला ओळखत होते, त्यांच्या बदलीच्या अर्जांचं इंग्रजी मी दुरुस्त करून देत असे. ते म्हणत, “मेश्रामसाहेब, पोरगी गरीब आहे. वर्गात आहे का नाही, समजतसुद्धा नाही.” हे मी कौतुक म्हणून ऐकत होतो.

“अक्षर दाखवतो,” मी म्हणालो.

“मीच पाहतो नं,” बाई म्हणाल्या. खडूचा तुकडा त्यांच्या कमरेच्या पिशवीत कायम असे. त्या खाली बसल्या, शहाबादी फरशीवर लिहिलं, ‘तुझे नाव काय?’ आणि खडू नंदाच्या हातात दिला.

नंदा हसली. पाय दुमडून नीट बसली. आणि बाईंच्या ओळीच्या बरोबर खाली, त्यांच्यापेक्षाही वळणदार अक्षरात तिनं लिहिलं, ‘तुझे नाव काय?’

बाईंनी दुसरी ओळ लिहिली. ‘दार उघड.’ नंदानं खाली लिहिलं, ‘दार उघड.’ टिंबसुद्धा जिथल्या तिथे. मग तिनं वर पाहिलं, शाबासकीसाठी. शाळेत तिला यावर शाबासकी मिळत असणार.

सुशीला भिंतीला टेकून उभी होती, ती खाली बसली. मी काय केलं ते सांगतो. मी कोपऱ्यातलं फडकं आणून त्या दोन्ही ओळी पुसून टाकल्या.

“आठ वर्षांपर्यंत घेतात आमच्याकडे,” बाई म्हणाल्या. “हिला सातवं असंल. भाषा लहानपणीच आत जाते भाऊ. नंतर जागा उरत नाही. सोमवारी घेऊन या.”

“नाही,” मी म्हणालो.

“काहून?”

काहून, ते मी त्यांना सांगितलं, आणि चढ्या आवाजात सांगितलं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला खाटेवर माझे वडील बसले होते. त्यांच्याकडे हात करून मी म्हणालो, ह्या माणसाला काटोलकडच्या त्यांच्या गावात शाळेच्या आत बसू दिलं नाही. दाराबाहेर, चपलांजवळ बसवलं. त्यांनी तिथे बसून अक्षरं गिरवली म्हणून मी आज कचेरीत खुर्चीवर बसतो. आम्ही दीक्षा घेतली ती काय पुन्हा वेगळं बसायला घेतली? माझी मुलगी सगळ्यांच्या शाळेत, सगळ्यांच्या बाकावर बसेल. वेगळी शाळा, वेगळी पोरं, वेगळं दार, हे माझ्या घरात पुन्हा होणार नाही. आणि शेवटी हेही म्हणालो की तुम्ही आपल्यातल्या असून मला हे सांगायला येता?

बाईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ऐकताना त्या माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होत्या. मला वाटलं, माझ्या बोलण्याचा परिणाम होतो आहे.

“आपल्यातली आहे म्हणून तर घरात घुसली,” त्या म्हणाल्या. “आणि भाऊ, ह्या मिशा काढा. झुडूप आहे नुसतं. पोरीले तुमचा वरचा ओठ जन्मात दिसला नसंल.”

मिशा मी काढणार नव्हतो. वडिलांच्या गावात आमच्यातल्या कोणी मिशीला पीळ देऊन वरच्या आळीतून जाऊन दाखवलं असतं तर परत आला नसता. मला मिसरूड फुटली तेव्हा वडिलांनी स्वतः कात्री धरून तिला आकार दिला होता. बाई गेल्यावर मी आरशात पाहिलं आणि मिशांना पीळ दिला. इतका मूर्खपणा मी केला, तो नोंदवतो.

बाई पुढच्या रविवारी आल्या. त्याच्या पुढच्याही. मी घरी नसण्याची सोय करू लागलो. शहराबाहेर वाडी गावात ट्रकच्या गोदामात माझा एक मित्र हिशेबनीस होता. अमरावती रोडची धूळ खात मी त्याच्याकडे जाऊन बसायचो, बाई गेल्या असतील अशा बेतानं परतायचो. परत आल्यावर सुशीला काही सांगायची नाही. पण ती नंदाशी बोलताना कंदील जवळ ओढून घेऊ लागली, आणि भाकरी देण्याआधी भाकरी तोंडासमोर धरून “भाकर” म्हणू लागली, ते मला दिसत होतं. एकदा मी म्हणालो, “हे काय नाटक लावलं?” ती म्हणाली, “बाईंनी शिकवलं. हवं तर तुमच्यासमोर नाही करणार.” सुशीला कमी बोलायची. त्या दिवशी ती आणखी काही बोलली असती तर बरं झालं असतं.

दीड-दोन वर्षं असंच चाललं आणि नंदाला आठ वर्षं पूर्ण झाली. बाई रविवारी आल्या नाहीत. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं.

त्या एप्रिलची गोष्ट. शाळा सकाळची होती, उन्हाच्या आत सुटायची. मी रजेवर घरी होतो. शाळा सुटली, गल्लीतली सगळी मुलं आली, नंदा आली नाही. सुशीला कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. मग मी निघालो. शाळेच्या फाटकाला कुलूप. चपराशी कुलूप लावून गावी निघून गेला होता, मास्तरांच्या घरी कोणी नव्हतं. मी रस्त्यानं शोधत गेलो, विहिरीपाशी गेलो, विहिरीत वाकून पाहिलं, रेल्वेच्या रुळांपर्यंत गेलो. रुळांशी मी बराच वेळ उभा राहिलो. मालगाडी येत होती, तिची शिट्टी मला ऐकू येत होती, आणि पहिल्यांदाच माझ्या ध्यानात आलं की ह्या शिट्टीचा माझ्या मुलीला काही उपयोग नाही.

परत शाळेपाशी आलो तेव्हा दहा-बारा माणसं जमली होती. ऊन डोक्यावर आलेलं. मी फाटकावरून आत उडी मारली आणि व्हरांड्यातून धावत “नंदा! नंदे!” ओरडत सुटलो. माझं पाहून बाकीचेही ओरडायला लागले. कोणी म्हणे, “जोऱ्यानं आवाज द्या मेश्रामभाऊ, आत झोपली असंल.” मी आणखी जोऱ्यानं ओरडलो. घसा फुटला.

“कोणाले आवाज देऊन राहिले तुम्ही?”

फाटकापाशी गजभियेबाई उभ्या होत्या. सुशीला त्यांना घेऊन आली होती. मी रुळांकडे पळालो तेव्हा ती बाईंच्या घरी पळाली होती. मी ओरडायचा थांबलो. सगळेच थांबले.

बाई लुगड्याचा काष्टा सावरत फाटकावरून चढून आत उतरल्या, मागोमाग सुशीलाही. पिशवीतून आरसा काढला. खिडक्या बाहेरून लोखंडी गजांच्या आणि आतून काचेच्या होत्या, काचांवर धूळ. पहिल्या वर्गाच्या खिडकीपासून थोडं दूर, उन्हात उभ्या राहून त्यांनी आरसा तिरका धरला. उन्हाचा तुकडा काचेतून आत गेला, समोरच्या भिंतीवरून फिरला, बाकांवरून फिरला. काही नाही. दुसरा वर्ग. तिसरा. सुशीला बाईंच्या मागे मागे चालत होती, तिच्या पायात चप्पल नव्हती आणि जमीन तापलेली होती.

शेवटी नकाशे ठेवायची खोली होती, तिला उंचावर एकच लहान खिडकी. बाईंनी उजेड आत टाकला. छतावर फिरवला, खाली आणला. आणि त्या उजेडात एक लहान हात वर आला. उजेड पकडायला पाहत असल्यासारखा.

कुलूप दगडानं फोडलं. नंदा भिंतीशी बसली होती, झगा ओला झालेला, ओठ कोरडे. तिला नकाशा ठेवून यायला सांगितलं असणार, ती आत असताना बाहेरून कुलूप लागलं असणार. ती रडली नव्हती. दारावर तिनं मारलंही नसावं. तिला वाटलं असणार, ही शिक्षा आहे. आजवर आपल्याला जे जे होतं ते का होतं हे कोणी सांगितलेलं नव्हतं, तसंच हेही. आणि आवाज करायचा नाही, ही एकच गोष्ट त्या शाळेनं तिला पक्की शिकवली होती. तिनं वर्गात आवाज केला की मुलं हसायची आणि मास्तर ओठांवर बोट ठेवायचे. हे मला सुशीलानं मागाहून सांगितलं. तिला नंदानं खुणांनी कधीच सांगून ठेवलं होतं.

घरी आलो. नंदाला पाणी पाजून, अंग पुसून सुशीलानं मांडीवर घेतलं होतं. मी म्हणालो, “चपराशाची तक्रारच करतो. असा कसा बेजबाबदार माणूस!”

बाईंनी माझ्याकडे पाठ केली. त्या खाटेपाशी गेल्या, माझ्या वडिलांसमोर खाली बसल्या. वडिलांना तोंडावर उजेड वगैरे लागत नव्हता, त्यांचे कान शेवटपर्यंत चांगले होते. तरी बाई सवयीनं उजेडाकडे सरकल्या.

“बाबा, तुम्ही शाळेच्या बाहेर बसत होते म्हणतात.”

“हो नं बाई. चपलाइपाशी.”

“मंग तिथं बसून शिकले कसे?”

वडिलांना या प्रश्नाचं नवल वाटलं. “ऐकू येत होतं नं बाई. गुरुजी आत मोठ्यानं वाचे, पोट्टे मोठ्यानं म्हणत. मी बाहेर धुळीवर बोटानं लिहो. दार उघडंच राहे.”

ते सहज म्हणाले. आपण काय बोललो ते त्यांना एका क्षणानं कळलं असावं, कारण त्यांनी नंदाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. बाईंनी आरसा पिशवीत घातला आणि त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिशा काढल्या. वडिलांनी नुसतं पाहिलं. नंदा मात्र माझ्याजवळ आली आणि माझ्या वरच्या ओठावरून तिनं बोट फिरवलं. मग मी तिला घेऊन बाईंच्या शाळेत गेलो.

पण वय उलटून गेलं होतं. मुख्याध्यापक भले गृहस्थ होते, त्यांनी नियम दाखवला. बाई त्यांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या त्या हलेचनात. “सर, घेऊ नका. मी माझ्या जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्यात शिकवीन. लोक विचारतील ही पोरगी बाहेर काहून बसली, तर तुम्ही सांगा नियम.” मुख्याध्यापकांनी तिला घेतलं. पाच वर्षांच्या मुलांबरोबर, अगदी खालच्या वर्गात. माझी नंदा त्या रांगेत सगळ्यांच्या डोक्यावर एक हात उंच दिसायची.

बाई वर्गात कडक होत्या. वर्गाबाहेर त्या हसायच्या, शाळेच्या हॉस्टेलमधल्या मुलींना स्वतः करून झणझणीत वांग्याची भाजी खायला घालायच्या, आणि ती नेहमी करपलेली असायची. “करपली नाही, खमंग झाली,” असं त्यांचं म्हणणं. पण वर्गात मुलानं हातानं खूण केली की त्या लाकडी पट्टी बाकावर आपटत. “हात खाली! तोंडानं!” त्या काळी त्यांना तसंच शिकवलं गेलं होतं. हातांनी बोलायची सवय लागली की मूल तोंड उघडत नाही, असं सगळेच मानत. आईबापांनाही ताकीद होती. मी ती ताकीद जरा जास्तच पाळली. घरी नंदानं हात हलवला की मी तोंड फिरवायचो. एकदा जो मूर्खपणा मी बाईंचं म्हणणं नाकारून केला, तोच आता आज्ञा पाळून केला.

नंदा पाच-सहा वर्षं बाईंच्या हाताखाली राहिली. कागदाची पट्टी ओठांसमोर धरून ‘प’ म्हणायला शिकली, बाईंच्या गळ्यावर हात ठेवून ‘ग’ म्हणायला शिकली. ‘आई’ म्हणाली तेव्हा सुशीला शेजारच्या घरी जाऊन रडून आली. पण तिचं बोलणं बाहेरच्या माणसाला कधी कळलं नाही. खरं बोलायला ती शिकली ती शाळेच्या नळावर, हॉस्टेलच्या मुलींकडून, हातांनी. त्या मुलींनी प्रत्येकाला एक खूण दिलेली होती. बाईंची खूण म्हणजे ओठांवरून फिरवलेलं बोट. बाईंनी ती एकदा खिडकीतून पाहिली, आणि पट्टी आपटायच्या ऐवजी त्या खिडकीतून मागे सरकल्या. पुढे एकदा मला म्हणाल्या, “भाऊ, त्या हातांच्या बाबतीत माझं चुकलंच असंल. नळावर पोरी किती बोलतात, पाहिलं का? माह्यासमोर त्यातलं पाव नाही बोलत.” चाळिशी उलटल्यावर आपल्या उभ्या आयुष्याच्या कामाबद्दल असं म्हणणं सोपं नसतं. त्या म्हणाल्या, आणि पुन्हा वर्गात गेल्या.

मी त्यांना एकदाच विचारलं होतं, की ती दोन वर्षं मी घालवली नसती तर? बाई खोटा दिलासा देत नसत. म्हणाल्या, “फरक पडला असता. वाक्यं अजून घट्ट झाली असती तिची. आता ती वाचंल, लिहील, पोट भरंल. पण लिहिताना एखादा शब्द मागं-पुढं होत राहील. ते राहीलच.” तसंच झालं. नंदा आता एका छापखान्याच्या बांधणी खात्यात काम करते, चोख करते. तिचं अक्षर अजून सुरेख आहे. वाक्यं मात्र सुटी सुटी असतात.

आणि आता ती गोष्ट, जी मी खोटी सांगत आलो.

नंदा शाळेत जायला लागल्यावर नातेवाईक विचारायचे, एवढी मोठी पोर लहान्या वर्गात कशी? मी पहिल्यांदा काय बोलून गेलो ते मला नीट आठवतं: “आधीच नेलं होतं. त्यांनी घेतलं नाही. जागा नव्हती.” बोलायला फार सोपं गेलं. मग तेच सांगत राहिलो. सुशीला अशा वेळी उठून आत जायची. लग्नात, बारशात, कचेरीत, सगळीकडे तेच. पुढे नंदा मोठी झाली, ओठ वाचू लागली, आणि माझ्या ओठांवरून तिनंही तेच वाचलं. तिचा असा समज झाला की बाई तिला लहानपणी घरी पाहून गेल्या होत्या आणि बाईंनीच तिला नको म्हटलं होतं.

बाईंना हे कळलं. आमच्याकडे एका कार्याला त्या आल्या होत्या आणि मी पाहुण्यांना सांगत असताना मागे उभ्या होत्या. मी वळलो तेव्हा त्यांचे ते लाल ओठ घट्ट मिटलेले होते. जाताना मला फाटकापाशी बाजूला घेऊन म्हणाल्या, “लोकाइले काहीही सांगा. मले त्याचं काही नाही. पण पोरीले खरं सांगा भाऊ. तिले वाटते मी तिले हाकललं होतं. मी नाही सांगणार तिले. बाप तिचा तुम्ही आहे.”

मी “हो” म्हणालो. आणि सांगितलं नाही. कितीतरी वर्षं नाही. दर वेळी वाटायचं, आता काय त्याचं, झालं ते झालं, पोरगी कामाला लागली. बाई भेटल्या की माझ्या तोंडाकडे पाहायच्या, विचारायच्या नाहीत. मी दुसरीकडे पाहायचो. ज्या बाईसमोर तोंड लपवता येत नाही, तिच्यासमोर मी इतकी वर्षं ते लपवत राहिलो.

मग त्या आजारी पडल्या. पोटाचं दुखणं होतं, फार दिवस चाललं नाही. नंदा रोज कामावरून थेट दवाखान्यात जायची. शेवटच्या आठवड्यात मीही गेलो. बाई फार वाळल्या होत्या, ओठ पांढरे पडलेले. नंदानं त्यांच्या पिशवीतून लिपस्टिक काढून त्यांना लावून दिली होती, थोडी बाहेर गेलेली. मी खुर्चीवर बसलो. बाई म्हणाल्या, “सांगितलं?” मी मान खाली घातली. त्या डोळे मिटून पडून राहिल्या. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही. हे शेवटचं.

त्या गेल्या, त्यांना पोचवून आम्ही घरी आलो. तिथे शाळेतून शिकून गेलेली, आता मोठी झालेली कितीतरी मुलं आली होती, सगळा वेळ हात हलत होते, आवाज नव्हता. घरी नंदानं पाय धुतले. मग माझ्यासमोर येऊन बसली. आवाजानं आणि हातांनी, दोन्हींनी बोलली. मी लहान. बाई घरी. मग हात झिडकारल्यासारखा केला. नको. मग माझ्याकडे पाहिलं. “का?”

बाईंचं तिच्यावर इतकं प्रेम, मग तेव्हा बाईंनी नको का म्हटलं, हे ती विचारत होती. इतकी वर्षं तिनं ते बाईंना विचारलं नव्हतं. बाईंना वाईट वाटेल म्हणून असेल. आता मला विचारत होती. सुशीला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

मी म्हणालो, “बाईंनी नाही. बाई बोलावत होत्या. मी नाही म्हणालो.”

तोंडातल्या तोंडात म्हणालो असणार. नंदानं कपाळाला आठी घातली, थोडी पुढे सरकली, आणि तिच्या त्या जाड, बाहेरच्यांना न कळणाऱ्या आवाजात म्हणाली, “पुन्हा.”

मी मान वर केली आणि पुन्हा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून.